सरूला धरलंय

मच्छिंद्रनं बहिणीची पिशवी उचलली तरी दाजी काही वर बघेनात. खाटेवर बसून जमिनीकडं बघत होते.

"दाजी, आमच्या पोरीनं तुमचं नाव घालवलं," मच्छिंद्र म्हणाला. त्याला तरी कुठं मान वर करवत होती! "लढाईवरनं आल्याला मानूस तुम्ही, आन् तुमच्या घरात ह्यो तमाशा."

"तसं नका म्हणू," सर्जेराव म्हणाले. त्यांचा घसा पार बसला होता. सरूनं मिठाचं गरम पाणी त्यांच्यापुढं ठेवलं.

"शिरूरला एक देवऋषी हाय. मिरचीची धुरी देतो. भूत असलं तर पळतंय."

सर्जेराव अर्धवट उठले. "मच्छिंद्रराव, ऐका जरा—"

"तुम्ही बसा," सरू म्हणाली. "सोमवारी दौंडला हजर व्हायचंय तुम्हाला. चल, दादा."

एकाहत्तरची लढाई करून दाजी घरी आले, तवा गावानं त्यांची मिरवणूक काढली होती. मग दुष्काळ पडला. शेजारची विहीर खोल करायला सुरुंग लावायला लागले, आन् तेव्हापासनं हे सुरू झालं. सुरुंग उडाला की घरातनं किंकाळी. माणसं पळत यायची, तर दारात सरू. केस मोकळे, पदर मातीत. "मला धरलंय," म्हणायची.

अंगणाबाहेर शेजारची सोजरबाई उभीच होती.

"न्हेतूस व्हय रं? बरं झालं बाबा. बाईमानूस आन् आवाज कसला जाडा! कुण्या मेल्या बाप्यानंच धरलीया. हिच्या पायी आमची म्हस पान्हा चोरती."

मच्छिंद्रचे कान तापले. तो झपाझप चालायला लागला. चार घरं ओलांडली तर पारावर पाच-सहा जण बसलेले.

"पावनं," एक म्हातारा म्हणाला, "दौंडच्या रेल्वेच्या सायबाला ह्यातलं कळू देऊ नका. वॉचमनची नोकरी हाय. हातात बंदूक देनार."

"त्याला काय हुतंय, आबा?" दुसरा म्हणाला. "बाई येडी हाय. गडी तर वाघ हाय! गडी येडा असता तर सायबानं दारात उभं केलं असतं का?"

सगळे हसले. सरू खाली मान घालून उभी होती.

"ऐकलंस?" मच्छिंद्र दात चावून म्हणाला. "तुझा भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटती मला."

"वाटू दे."

तेवढ्यात विहिरीकडनं आरोळी आली, "सुरुंग! बाजूला व्हा!"

मच्छिंद्रनं तिचा दंड घट्ट धरला. निदान चारचौघांत तरी नको! "तोंड मिटून ऱ्हा," तो कुजबुजला.

धडाम! पायाखालची जमीन हादरली. झाडावरचे कावळे उडाले. सरूची पापणीसुद्धा हलली नाही. ती मागं, घराकडं बघत होती.

आन् किंकाळी आली. तिकडनं. जाडी, फाटक्या घशाची.

मच्छिंद्रची बोटं तिच्या दंडावरनं आपोआप सुटली.

पारावरची माणसं घराकडं माना वळवणार, त्याच्या आतच सरूनं अंबाडा सोडला, रस्त्यात धुळीतच बसकण मारली आन् गळा फाडून किंचाळायला लागली.