त्याच चालीचा माणूस

"नाही," तानुबाई म्हणाल्या. "असे नव्हते बोलत ते."

पाहुणा पुन्हा उंबऱ्याबाहेर गेला, चप्पल काढून आत आला आणि शिकवलेलं वाक्य म्हणाला.

"तानू, चहात साखर टाकली का नुसती दाखवली?"

शब्द बरोबर होते. पण परक्या अंगणात आलेल्या वासरांसारखे ते एकामागून एक आले आणि बावरून उभे राहिले.

अमडापूरच्या त्या घराच्या बैठकीत दुपारपासून ही तालीम चालली होती. तानुबाई, त्यांची लेक जयमाला आणि शेजारचे भालचंद्र सर, असे तिघे शिकवणारे. शिकणारा एकटा पाहुणा. घरात सगळे त्याला पाहुणाच म्हणत, तोही स्वतःला तेच म्हणे. त्याला अकोल्याच्या दवाखान्यातून आणलं होतं. उद्या सकाळी गाडी यायची होती, मग तो परत तिकडेच जाणार. परक्याच्या घरी फार दिवस राहू नये, असं त्याने कालच हात जोडून सांगितलं होतं. त्याआधी एकदा, एकदाच, नवऱ्याचं, भगवानरावांचं बोलणं या घरात ऐकू यावं, एवढंच तानुबाईंचं मागणं होतं.

कल्पना भालचंद्र सरांची. भगवानरावांचे ते लहानपणचे सोबती, चिखलीच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे. यंदा प्राचीन रोममधलं रोजचं जगणं त्यांनी पोरांना त्या काळच्या माणसांच्याच लिखाणातून शिकवायला घेतलं होतं. भिंतींवर खरडलेल्या ओळी, थडग्यांवरचे लेख, जुनी चरित्रं. त्यातलंच हे. मोठ्या घरचा माणूस गेला की रोमन लोक त्याच्या उंचीचा, त्याच्या चालीचा दुसरा माणूस शोधत. त्याला मुखवटा चढवत, आणि अंत्ययात्रेत तो त्या गेलेल्यासारखा चाले, बोले. एक चिक्कू बादशहा वारला, तेव्हा त्याची नक्कल करणाऱ्याने भर रस्त्यात विचारलं, या सगळ्याला खर्च किती आला? आकडा ऐकून म्हणाला, त्यातले थोडे मलाच द्या आणि मला नदीत फेकून द्या.

हा किस्सा सरांनी चहा पिताना सांगितला, तेव्हा पाहुणा हसला होता. या घरात पहिल्यांदाच. ते हसू पाहूनच सरांना सुचलं. त्यांनी विचारलं, तुम्ही आमच्या भगवानची नक्कल कराल का? पाहुणा लाजला. मग म्हणाला, करून पाह्यतो, तुमचं मीठ खाल्लं.

जयमालाने कपाटातून भगवानरावांचा सदरा काढला. पाहुण्याच्या कानामागच्या जखमेला लागू नये म्हणून तिने कॉलर जपून वळवली. सदरा त्याला बेतल्यासारखा आला, खांद्यांशी जरा सैल एवढंच. मग तिने फोटो आणला. फेटा बांधलेला, काळ्याभोर मिशांचा, तरुणपणीचा. पाहुण्याने तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला.

"रुबाबदार मानूस होता," तो म्हणाला.

तानुबाईंनी मान खाली घातली आणि हातातल्या बांगड्या उगाच मागेपुढे केल्या.

मग तिघांनी आठवेल ते सांगितलं. भगवानराव बसताना गुडघ्यावर थाप मारायचे. बाजारातून आले की दारातूनच भाजीवालीचा आवाज काढायचे. चहावरून बायकोला टोमणा मारल्याशिवाय पहिला घोट घ्यायचे नाहीत. पाहुण्याने सगळं मन लावून केलं. गुडघ्यावरची थाप जरा जोरात बसली, तर त्यानेच सगळ्यांची माफी मागितली. जयमाला हसली आणि हसता हसताच आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

साखरेचं वाक्य आणखी एकदा झालं. तानुबाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांनी डोळे उघडले, तेव्हा पाहुण्याला उत्तर कळलं.

"सर, मले नाही जमून राह्यलं," तो थकून म्हणाला. "ते तुमचे होते. मी कुठून आनू त्यायले?"

"राहू द्या भाऊजी," तानुबाई सरांना म्हणाल्या. "नका त्रास देऊ त्यायले. जाऊ द्या उद्या."

सुगी संपल्यावर खळ्यात नुसता वारा फिरावा, तसा त्यांचा आवाज रिकामा होता. सरांनीही मान हलवली. रोमचं रोमला राहिलं.

जयमालाने चहा आणला. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. उतरतं ऊन पाहुण्याच्या तोंडावर येत होतं, म्हणून तानुबाई उठल्या आणि खिडकी लोटायला गेल्या. पाहुण्याने बशीत चहा ओतला, एक घोट घेतला.

"सगुणे," तो म्हणाला, "राहू दे वं खिडकी. ऊन बरं वाटून राह्यलं."

तानुबाईंचा हात खिडकीवरच थांबला.

हे नाव कुणी शिकवलं नव्हतं. सरांना ते ठाऊक नव्हतं, जयमालाने जन्मात ऐकलं नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हाच सगुणा माहेरी राहिली, आणि त्या माहेरचंही आता कुणी उरलं नव्हतं. या घरात ते नाव एकाच तोंडी होतं. तेही दोघंच असताना.

जयमालाने आईकडे पाहिलं. आई मागे वळत नव्हती. वळली तर आवाज विरून जाईल, अशा भीतीने ती तशीच उभी होती.

"काय म्हणालात, पाहुणे?" सरांनी हलक्या आवाजात विचारलं.

त्याने बशी खाली ठेवली, बाहीने मिशी पुसली आणि सरांकडे रोखून पाहिलं.

"माह्याच घरात मलेच पाहुणा म्हनतं काय बे, भाल्या?"