ढेपेची गोणी

हे लिहिणारच नव्हतो. संडासाची गोष्ट कोण लिहितं? दोनदा टाइप केली, दोनदा पुसली. आता लिहूनच टाकतो.

शिरपूर. रविवारची दुपार. अभिमनच्या घरामागे, नव्या निळ्या दारासमोर आम्ही दोघं उभे. त्याच्या नखांत अजून निळा रंग होता. पुढच्या बाजूला गाडी थांबली. तो हळूच म्हणाला, "आले."

सुरतहून त्याची आई आली होती, कमलबाई. घेऊन आला होता मोठा भाऊ, ललित. आईचे गुडघे गेले तेव्हापासून, म्हणजे दीड वर्ष, ती ललितच्या फ्लॅटवर. चौथा मजला. कारण एकच. तिला उकिडवं बसवत नाही आणि इथला संडास खाली बसायचा. ललितने फोनवर सांगून ठेवलं होतं, "आईला जमलं तर ठेव. नाही जमलं तर संध्याकाळी माझ्यासोबत परत. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

अभिमनने गवंडी लावला नाही. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. थापी कशी धरतात तेही त्याला माहीत नव्हतं. म्हणे, "आईचं आहे ना भो, मीच करतो." व्हिडिओ बघून त्याने जुनं भांडं फोडलं, त्याच जागेवर कमोड बसवला, सिमेंट भरलं. टाइल्स लावल्या. पहिल्या चार सरळ, पुढच्या आपापल्या मर्जीने. उठताना धरायला भिंतीत लोखंडी पाइप ठोकला. दार काढून बाहेर रंगवायला ठेवलं. आणि कमोड घट्ट बसावा म्हणून गोठ्यातली गुरांच्या ढेपेची गोणी आणून त्यावर ठेवली. पन्नास किलो. पूर्ण दोन दिवस.

काल दार परत बसवलं. गोणी आतच होती. दार लावलं. मस्त लागलं, कडीसुद्धा. मग आम्ही गोणी उचलून गोठ्यात नेली आणि चहा प्यायलो.

कमलबाई काठी टेकत मागच्या अंगणात आली. दार उघडून आत पाहिलं. टाइल्सवरून हात फिरवला.

"हाई बठ्ठं तू करं?"

"हा, माय."

"एकलाच?"

"यानी मदत करी," अभिमनने माझ्याकडे बोट केलं.

कमलबाईने मला वरून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "मंग वाकडं कोनी लायं?"

मी शेवग्याच्या शेंगा बघायला लागलो.

ती आत गेली. काठी भिंतीला टेकवली, पाइप धरला, लुगड्यासकट हळूहळू बसली. अभिमन पाइप भिंतीत ठोकला होता तिथे बघत होता. कमोड हलला नाही. पाइपही निघाला नाही. अभिमन हसला. दीड वर्षात मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"दार लाव आता," ललित म्हणाला.

अभिमनने दार लोटलं. ते आईच्या गुडघ्यांना जाऊन थांबलं.

त्याने परत उघडलं. "माय, थोडी मागे सरक."

"मांगे भीत शे, बाप."

तिने गुडघे डावीकडे वळवायचा प्रयत्न केला. ते वळतच नव्हते, तोच तर सगळा आजार. अभिमनने दार पुन्हा लोटलं, अगदी हळू, जसं हळू लोटल्यावर लागेल. चार बोटं फट राहिली. तेवढेच गुडघे बाहेर.

मला तेव्हा कळलं. गोणीला गुडघे नसतात.

दार पूर्ण उघडं. कमलबाई आत बसलेली, समोर आम्ही तिघं, गोठा, शेवगा आणि शेजारच्यांची छातीएवढी भिंत.

ललित ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. घड्याळ पाहून म्हणाला, "अभिमन, तू मेहनत केली, मी नाही म्हणत नाही. पण बाईमाणूस उघड्या दारात बसेल का? माय, चाल. बॅग गाडीमाच शे."

अभिमन नखातला रंग काढायला लागला. एकेक नख, नीट.

कमलबाईने पाइप धरला. उठेल असं वाटलं. उठली नाही. फक्त नीट टेकून बसली, खुर्चीत बसावं तशी.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या कुंदाबाईंनी डोकं वर काढलं. हातात ओले कपडे.

"कवय उनी व अक्का?"

"आत्तेच उनी," कमलबाई कमोडवरून म्हणाली. "तुनी सून कशी शे?"

"ती काय, मोबाईल आनी ती. तू ऱ्हाशी ना आते?"

कमलबाईने ललितकडे पाहिलं. रागाने नाही.

"तठे सुरतमा बठ्ठा दरवाजा बंदच ऱ्हातस, ललित," ती म्हणाली. मग भिंतीकडे वळून, "ऱ्हासू ना."

दोघी बोलत राहिल्या. कोणाला मुलगी झाली, कोण गेलं, कोणाचं लग्न मोडलं. ललितने पुन्हा घड्याळ पाहिलं. मग गाडीकडे गेला. डिकी उघडल्याचा आवाज आला, नंतर बॅग ओट्यावर ठेवल्याचा.

अभिमन माझ्याजवळ आला. खालीच बघत होता.

"पण दार नाही लागत ना भो."

मी म्हणालो, "चौकट वीतभर पुढे घेऊ. उद्या सकाळी येतो. आत मी बसतो, तू दार लाव. लागल्याशिवाय उठत नाही."