ताईचा सूर

ताईने व्हायोलिनच्या तारेवर गज ठेवला आणि सगळ्यांना सूर दिला. तो उतरलेला होता.

फार नाही, किंचितच. पण तिच्या धाकट्या भावाचा हात गिटारच्या खुंटीवर तसाच थांबला. या बँडमध्ये सूर दाखवणारं यंत्र कोणी वापरत नसे. ताईच्या व्हायोलिनवर सगळ्यांनी जुळवून घ्यायचं, हीच रीत. कोणी यंत्र काढलंच तर ताई विचारायची, "कान काय नुसते डूल घालायला दिलेत?"

मागच्या आजारपणात तिचा डावा कान गेला होता. उजवा तेवढा बरा होता. आज स्टुडिओच्या दाराशीच तिने धाकट्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, "सूर हलला तर तोंडावर सांगायचं. मी व्हायोलिन पेटीत ठेवेन आणि घरी जाईन. माझ्यासाठी गाण्याची माती करायची नाही." त्याने मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं?

आता ती त्याच्याकडेच बघत होती. "काय रे, लागला ना?"

"लागला," धाकटा म्हणाला आणि त्याने आपली तार सैल केली.

बेस वाजवणाऱ्या लंबूने भुवई उंचावली. मग तोही मुकाट्याने खुंटीला लागला. चेलोवाले काका म्हणजे सुराच्या बाबतीत सख्ख्या भावाचीही गय न करणारा माणूस. त्यांनी एकदा ताईकडे पाहिलं, डोळे मिटले आणि खुंटी उलटी फिरवली. ड्रमवाल्या पोरीकडे उतरवण्यासारखं काही नव्हतं. तिने आपलं स्टूलच जरा खाली केलं.

गाणं सुरू झालं. आधी एकटी गिटार, मग खालून हळूच चेलो, आणि शेवटच्या कडव्याला ताईचं व्हायोलिन असं काही वर उठलं की धाकटा गाता गाता तिच्याकडे वळला. तिच्याशिवाय हे गाणं त्याला नकोच होतं. बँडही नको होता.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला. "झकास झालं. फक्त सगळेच्या सगळे थोडे उतरलात. मुद्दाम का?"

लंबूला एकाएकी आपल्या वायरींची काळजी वाटू लागली. ताईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी धाकट्यापाशी थांबली.

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. नाही पाळवला." त्याचा आवाज बारीक झाला. "हवं तेवढं रागव, ताई. पण जाऊ नकोस."

ताईने व्हायोलिन खाली घेतलं. पेटी तिच्या पायाशी उघडीच होती. ती उठली तेव्हा काकांनी मान खाली घातली.

तिने खुर्ची उचलली. सगळ्यांना वळसा घालून ती धाकट्याच्या पलीकडे गेली, खुर्ची त्याला अगदी खेटून ठेवली आणि उजवा कान त्याच्याकडे करून बसली.

"चल," ती म्हणाली. "आता सूर तू दे."