वाकून जाणारा कोआला

रविवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी डोझी कोआलाचं मुंडकं भर चौकात, दोनशे माणसांसमोर, धडावेगळं झालं. थीम पार्कच्या नोंदीप्रमाणे असं काही घडलेलं नाही. तेव्हा आपणही ते घडलं नाही असंच समजू.

न घडलेल्या घटनेच्या वीस मिनिटं आधी डोझीच्या डोक्यातला छोटा पंखा बंद पडला. बाहेर ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टचं जानेवारीतलं, म्हणजे ऐन उन्हाळ्यातलं ऊन. आत, कोआलाच्या केसाळ पोशाखात, अपिसाई, वय सव्वीस, फिजीतल्या तावेउनी बेटावरचा. श्वास घ्यायला गेला तर केस तोंडात येत होते, ते कोआलाचे की स्वतःचे हे कळायला मार्ग नव्हता.

डोकं काढायला दोन हात पुरेसे होते. पण नियम होता : डोझी बोलत नाही, आणि मुलांसमोर स्वतःचं डोकं काढत नाही. अपिसाईला दोन ताकिदी मिळून चुकल्या होत्या. पहिली, पायावर पाय देणाऱ्याला आतून 'सॉरी' म्हणाला म्हणून. दुसरी, मिठी मारणाऱ्या मुलीला 'थँक यू' म्हणाला म्हणून. तिसरी मिळाली की घरी. उद्या, सोमवारी, त्याला नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळायचं होतं. त्या पत्राशिवाय बायकोला, लितियाला, व्हिसा नव्हता. तिला सातवा महिना लागला होता. अजून उशीर झाला असता तर विमानात कोणी चढू दिलं नसतं.

फिजीत माणसाच्या डोक्याला हात लावत नाहीत. डोक्यावरच्या फळीवरून काही काढायचं झालं तरी आधी 'तुलोऊ' म्हणून माफी मागतात. अपिसाईच्या डोक्यावर सकाळपासून चारेकशे हात पडले होते. एका बापाने तिथे बाळ बसवून फोटो काढला. एका काकूंनी तोंडाच्या जाळीतून बटाट्याचे चिप्स भरवले, आणि ते आत कुठे गेले हे काकूंना शेवटपर्यंत कळलं नाही. माणसं देशोदेशीची होती. प्रत्येकाची माया वेगळी, कान ओढायची पद्धत मात्र एकच.

संकटाची खूण ठरलेली होती. दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरायचे, की पर्यवेक्षक ब्रॉनविन येऊन त्याला आत नेणार. अपिसाईने फुली धरली. समोरच्या सहलीतल्या लोकांना ती आवडली. त्यांनीही धरली आणि फोटो काढले. ते बघून आइस्क्रीमच्या रांगेने धरली. दोन मिनिटांत साठ माणसं डोक्यावर फुली धरून हसत उभी होती. ब्रॉनविनने लांबून हे पाहिलं. तिला भरून आलं. तिनेही फुली धरली.

मग तो भिंतीच्या आधाराने कर्मचाऱ्यांच्या दाराकडे निघाला. वाटेत चटई होती.

चटईवर फिजीच्या पाच म्हाताऱ्या होत्या, जवळच्या लोगन गावातल्या चर्चच्या. ऐन रस्त्यात चटई पसरून त्या डब्यातला उकडलेला कसाव्याचा कंद खात होत्या आणि पार सोळाव्या राइडपर्यंत ऐकू जाईल असं हसत होत्या. बाहेरचं खाणं आणू नये, रस्ता अडवू नये, हे ब्रॉनविनने दोनदा येऊन सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी तिलाच खायला बसवायचा प्रयत्न केला. लोक नाक मुरडून त्यांच्या पायांवरून उड्या मारत जात होते. एकटा डोझी सकाळपासून तीनदा तिथून गेला आणि तिन्ही वेळा कमरेत वाकून, हात खाली सोडून गेला. बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून तसंच जायचं असतं. पब्लिकला तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या.

चौथ्या वेळी तो वाकला नाही. चटईत पाय अडकला आणि तो उताणा पडला. पाय थेट म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे.

आता डोझी हा मुळातच झोपाळू कोआला. दर तासाला झोपणं हा त्याच्या कामाचाच भाग.

"शू," एक आई पोरांना म्हणाली, "झोपलाय तो."

आणि सकाळपासून पहिल्यांदाच सगळे सभ्यपणे वागले. कोणी हात लावला नाही. कोणी कान ओढला नाही. दोनशे माणसं चवड्यांवर चालू लागली. कोणीतरी हलक्या आवाजात अंगाई धरली. अपिसाईला ओरडायचं होतं. आता नियम गेला खड्ड्यात असं त्याने ठरवलंही, पण तोंडातून आवाज निघेना. हात उचलवेना. लितियाला काय सांगतील, त्याच्या मनात आलं. अंगाई ऐकता ऐकता गेला?

अंधारून येत असताना कोणीतरी त्याच्या कानाशी वाकलं.

"तुलोऊ," आवाज म्हणाला. आणि त्याचं डोकं उपटलं गेलं.

दोनशे किंकाळ्या उठल्या. सलानिएता नावाची सर्वांत थोरली म्हातारी कोआलाचं मुंडकं बगलेत मारून अपिसाईच्या तोंडावर पाणी ओतत होती. ब्रॉनविन धावत आली आणि विचारू लागली की बाई, चारचौघांत कसं वागायचं, काही रीतभात?

"तीनदा वाकून गेला तेव्हाच कळलं, आत आपला पोरगा आहे," म्हातारी म्हणाली. "चौथ्यांदा ताठ आला आणि आमच्याकडे पाय करून झोपला. आमचा पोरगा मरायला टेकल्याशिवाय एवढा उद्धट होत नाही."

व्यवस्थापनाने नियम पुन्हा वाचला. डोझीने स्वतःचं डोकं स्वतः काढलं नव्हतं. सोमवारी अपिसाईला पत्र मिळालं. सलानिएतालाही मिळालं : न घडलेल्या प्रकाराबद्दल पार्कमध्ये तहहयात प्रवेशबंदी.

डोझी बोलत नाही. त्यामुळे त्याने लेखी अर्ज केला :

"सदर बाईंवरील बंदी उठवावी. ते नियमात बसत नसल्यास, निदान यापुढे व्यवस्थापनातील सर्व अधिकाऱ्यांनी त्यांच्या चटईसमोरून जाताना कमरेत वाकून जावे, ही नम्र विनंती."