वर्षअखेरचं मॉडेल

“आत्ता नको,” मासिकातून नजर न उचलता ती म्हणाली. “वर्षअखेरीला नवीन मॉडेल येतंय. वेग दुप्पट, आणि किंमतही उतरणार म्हणे.”

“असं छापलंय?” पलंगावरून नवऱ्याने विचारलं.

“मग काय मी मनचं सांगतेय?”

ती मनचंच सांगत होती. संगणकाच्या त्या मासिकात वर्षअखेरीबद्दल अवाक्षर नव्हतं. उलट किमती चढतील असं लिहिलं होतं.

एरवी हे बोलणं उलट्या बाजूने व्हायचं. त्याचा जन्म छापखान्यात पानं लावण्यात गेला होता. अजूनही एखादी वेलांटी चुकली तर त्याला बिनचष्म्याची दिसायची. घरात मात्र टेबलावर एक डबडा संगणक होता, चालू केला की गिरणीसारखा घरघरणारा. ती म्हणायची, घेऊन टाका एकदाचा नवा. तो म्हणायचा, थांब, पुढचं मॉडेल येऊ दे. पुढचं आलं की त्याच्या पुढचं. गल्लीतले लोक खरेदीआधी त्याचा सल्ला घ्यायचे आणि हात हलवत परत जायचे. कोपऱ्यावरचा दुकानदार तर त्याला पाहिलं की तोंड फिरवायचा. “पुढच्या मॉडेलची वाट बघताबघता आमचं हे मॉडेल म्हातारं झालं,” असं ती आल्यागेल्याला त्याच्याकडे बोट दाखवून सांगायची. त्या यंत्राला तिने धूळ पुसण्यापलीकडे कधी हात लावला नव्हता. तिचं शिवणयंत्र भलं आणि ती भली.

मग तो आजारी पडला. डॉक्टरांनी तिला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं, वर्षअखेरीचे बेत करू नका. दवाखान्याच्या नळावर तिने तोंड धुतलं आणि आत जाऊन त्याला म्हणाली, औषधांनी फरक पडेल म्हणाले. त्याला कळू द्यायचं नाही, एवढं एकच तिला राखायचं होतं.

परदेशातल्या मुलीचा फोन आला. “आई, बाबांना हवा तो कॉम्प्युटर आणून टाक ना आता. किती वर्षं नुसते बघतायत. पैसे मी पाठवते.”

“खुळी आहेस का?” स्वयंपाकघराचं दार लोटून घेत ती दबक्या आवाजात म्हणाली. “जन्मभर थांब-थांब म्हणणाऱ्या माणसापुढे आज मीच खोकं आणून ठेवलं, तर त्यांना कळणार नाही? पुढचं मॉडेल यायचंय म्हटलं की कसं, अजून दिवस आहेत असं वाटतं.”

पलीकडून हुंदका ऐकू आला. आईने लेकीला रडू दिलं. स्वतः रडायची सोय नव्हती, पलीकडच्या खोलीत तो जागा होता.

तेव्हापासून दुपारी शिवण बाजूला सारून ती पलंगाशी स्टूल ओढायची आणि मासिक उघडून बिनदिक्कत थापा मारायची. येणाऱ्या संगणकाचा पंखा मुळी वाजतच नाही. पडदा इतका रुंद की आपली खिडकी लहान वाटावी. तो डोळे मिटून ऐकायचा आणि चोखंदळ गिऱ्हाइकासारखा एकेक मागणी पुढे करायचा.

“अक्षरं मोठी करता येतील का? पटकन, एका बटणावर?”

“येतील की.”

“चालू करायचं बटण समोर हवं. टेबलाखाली वाकायला लावणारं नको.”

“समोरच आहे.”

“आणि कॅमेरा? समोरासमोर बोलता आलं पाहिजे.”

तिला भरून आलं. मुलगी कॅमेऱ्यासाठी किती मागे लागली होती, तर माझं थोबाड काय बघायचंय म्हणून यानेच उडवून लावलं होतं. आता स्वतःहून मागतोय म्हणजे त्याला जगायची उमेद आहे, असं तिने धरलं. वेगाबद्दल मात्र तो चकार शब्द काढत नव्हता. याच वेगावरून तो पूर्वी दुकानदाराशी हमरीतुमरीवर यायचा. आजाराने माणूस मऊ झाला, तिला वाटलं.

एका दुपारी त्याच्या हातातून पाण्याचं भांडं निसटलं. तिने फरशी पुसली, चादर बदलली आणि घाईघाईने मासिक उघडलं.

“ऐका, त्यात अजून एक सोय येतेय म्हणे—”

“दुकानात आहे त्यात सगळं मिळतं,” तो म्हणाला. “मोठी अक्षरं, समोर बटण, कॅमेरा. सगळं.”

“पण किंमत उतरणार आहे ना?”

“चढणार आहे. तू भाजीला गेलीस की मी वाचतो ते मासिक.”

तिचा चेहरा पडला. इतके दिवस तो सगळं जाणून होता. काय काय जाणून होता, ते विचारायची तिची छाती होईना.

“मग बोलला का नाहीत?”

“तू इतकी रंगून सांगत होतीस. बरं वाटायचं.”

ती मासिकाची पानं उगाच सरळ करत राहिली. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, “आणि तुम्हाला हो कशाला मोठी अक्षरं? तुमचे डोळे तर ठणठणीत आहेत.”

त्याने तिच्या जाड चष्म्याकडे पाहिलं. मग फरशी पुसून उठताना धरलेल्या तिच्या गुडघ्याकडे पाहिलं; एका हाताने ती तो अजून चोळत होती.

“आजच मागव,” तो म्हणाला. “तू काही एका दिवसात शिकायची नाहीस.”