टॅन्सीला ठेवून घेतलं तेव्हा

“तितरांच्या शिकारीचा हंगाम संपल्यावर कुणी काडतुसं मागितली, तर आधी कारण विचारायचं, पोरी,” माझ्या बंदुकांच्या दुकानात काम करणारी म्हातारी वर्ना सांगायची. “मग धंदा बंदच करूया की!” मी हसायचे. हंगाम संपल्यावर, फेब्रुवारीत, मोंटानाच्या बर्फातून आमचं नेहमीचं गिऱ्हाईक क्लेटन ट्रक घेऊन आला, सोबत त्याची जीव की प्राण शिकारी कुत्री टॅन्सी. “ही आळशी बया तुझ्या लेकीलाच ठेव. माझं ऐकतच नाही. काडतुसांचा डबा दे,” तो हसत म्हणाला. लेकीनं टॅन्सीला मिठी मारली. त्या आनंदात मी कारण विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःला संपवलं. त्याच्या आईनं दुकानावर दावा लावला. कायद्यानं आम्ही सुटलो. कोर्टाबाहेर तिनं एवढंच विचारलं, “कुत्री घेताना त्याच्या तोंडाकडे पाहिलंस का गं?” अजून बाहेर त्याच्यासारखा ट्रक घरघरला की टॅन्सी दाराशी धावते, तिच्यामागे मीही. तुमच्या ओळखीत कुणी लाडकं कुत्रं हसत देऊन टाकलं असेल, तर आजच त्याचं दार वाजवा.