दुसरा पर्याय

"कुणाला सांगितलं तर खोटंच वाटेल," बूट न काढताच पलंगाच्या कडेला बसत म्हाताऱ्या शिंप्याने सुरुवात केली, "पण मला बघून सरकारी विम्याचा साहेब चक्क खुर्चीतून उठला!"

बायको उशांना टेकून बसली होती. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. ज्येष्ठांच्या विम्यात पर्याय दोन: पहिल्यात जुन्या आजाराला वर्षभर थांबायचं, दुसऱ्यात लगेच ऑपरेशन. निवडायचा आजचा शेवटचा दिवस, आणि एकदा सही झाली की बदल नाही.

"अगं, त्याने दोन्ही पर्याय असे उलगडून सांगितले, की दगडालाही अक्कल फुटावी! मी म्हटलं, साहेब, उभा जन्म मापून कापड कापलंय, आम्हाला ठिगळं दाखवू नका. हसता हसता त्याचा टाय सुटला. जिन्यापर्यंत सोडायला आला बिचारा!"

बोलताना धाप लागते म्हणून बायकोने नुसती बोटं दाखवून विचारलं, पहिला की दुसरा?

"दुसराच की! उद्या म्हणशील तर उद्या ऑपरेशन." हे सांगणारा आवाज त्याला परक्याचा वाटला.



होता नव्हता तो दम एकवटून ती त्याच्या कानाशी ओरडली, "अहो, तुमचं ऐकायचं यंत्र सकाळपासून इथं माझ्या उशाशी पडलंय! साहेब काय बोलला, ते ऐकलं कुणी?"